सैल अंग

इस्पितळाच्या धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईला किळस म्हणजे काय, हे शिकवायला कुणी जाऊ नये. रोज सकाळी सात वाजता वरच्या मजल्यांवरून जी गाठोडी खाली यायची, त्यांत काय काय निघायचं ते जेवायच्या आधी सांगण्यासारखं नाही. गादीताई हातमोजे चढवून ती सोडायच्या, रक्ताचं एकीकडे, बाकीचं दुसरीकडे करायच्या, आणि सुट्टीत हात धुवून शांतपणे डबा खायच्या. नव्या बायका पहिला आठवडाभर तोंडाला पदर लावून बेसिनकडे धावायच्या. त्यांना गादीताई म्हणायच्या, "घाण बिचारी प्रामाणिक असते गं. आपण घाण आहोत हे ती लांबूनच सांगते."

अशा बाईला एका रविवारी दुपारी, ज्युदोच्या हॉलमध्ये, कमरेला नवाकोरा काळा पट्टा असताना शिसारी आली. कशाची, ते सांगतो.

गादीताई हे त्यांचं क्लासमधलं नाव. हॉलभर अंथरलेल्या त्या कडक गाद्यांवर लोक आपटले जायचे, आणि आपटल्या जाणाऱ्यांत सगळ्यात वर नंबर यांचा. सत्तावीस वर्षं, आठवड्यातून तीन संध्याकाळी. घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा म्हणायचा, "दिवसभर चादरींची धुलाई, संध्याकाळी स्वतःची." नणंद त्याच्या वरताण. ती विचारायची, "वहिनी, सत्तावीस वर्षं पडताय, अजून जमीन लागली नाही का?"

लागली होती की. त्यांच्याइतकं सुरेख कुणाला पडता येत नव्हतं. हनुवटी आत, पाठ गोल, हाताचा फटका गादीवर, की लगेच उठून उभ्या. म्हणून काळ्या पट्ट्याची परीक्षा कुणाचीही असो, त्याच्यासमोर क्लासचे सर गादीताईंनाच उभं करायचे. परीक्षार्थीने लढतीत समोरच्याला खरोखर फेकून दाखवायचं असतं. अशा एकतीस जणांनी त्यांना फेकून काळे पट्टे नेले. ताईंनी स्वतःच्या परीक्षेचा विषय काढला, की सर हसून म्हणायचे, "तू पट्टा बांधून बसलीस तर या लोकांच्या हाताखाली कोण येणार?" आणि खांद्यावर थाप मारायचे. त्या थापेवर ताईंची दोन-दोन वर्षं निघून जायची. माणूस शहाणा असून किती बावळट असू शकतो, याला काही माप नाही.

यंदा मात्र सर सत्तरीला आले, गुडघे गेले, आणि क्लास बंद करायचं ठरलं. "जायच्या आधी तुझा पट्टा बांधून जातो," सर म्हणाले. ताईंना पट्ट्याचं तेवढं नव्हतं. कापडच ते, आणि कापड त्यांनी आयुष्यात कमी पाहिलं नव्हतं. त्यांना एकदा, एकदाच, पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर उचलून खाली टाकायचं होतं. एवढी वर्षं शिकलेलं आपल्याला येतं का, एवढंच त्यांना हवं होतं. सहा महिने त्यांनी एकच डाव घोटला, कमरेवरून फेकायचा. धुलाईघरात ओली ब्लँकेटं मशीनमधून काढतानाही पाय त्याच पवित्र्यात पडायचे.

परीक्षेच्या दिवशी ज्युदो महासंघाचे दोन परीक्षक आले. एक जण गाडीच्या किल्लीने कान कोरत होता आणि निघालेलं न्याहाळून खुर्चीच्या हातावर पुसत होता. दुसऱ्याने बूट काढले आणि हॉलचा मूळचा वास लाजून मागे सरला. समोर लढायला उभी होती क्लासमधलीच डेंटिस्ट. ही कॉलेजात असताना क्लासला आली, इथेच मोठी झाली, आणि सहा वर्षांपूर्वी ताईंनाच फेकून तिने काळा पट्टा मिळवला होता. ताईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान, अंगाने भरलेली, पायांची पक्की. नमस्कार करताना ती हळूच म्हणाली, "ताई, काळजी करू नका हं." ताईंना वाटलं, धीर देतेय.

लढत सुरू झाली. ताईंनी डाव्या हाताने बाही धरली, उजव्याने कॉलर धरली, दोन पावलं मागे नेलं, गिरकी घेऊन कंबर आत घातली आणि ओढलं. डेंटिस्ट त्यांच्या पाठीवरून अशी काही गेली की बघणाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परीक्षकाने किल्ली धरलेला हात वर केला. पूर्ण गुण. नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता, नणंद डोळे पुसत होती.

आणि ताई जागच्या जागी उभ्या होत्या. कमरेवर वजन आलंच नव्हतं. ओलं ब्लँकेट रोज उचलणाऱ्या कमरेला वजन कळतं. ताईंनी ओढायच्या आधीच डेंटिस्ट उडाली होती. शिवाय आवाज. खरं पडताना आधी माणसाचा श्वास सुटतो आणि मग हात गादीवर आपटतो. हिचा हात आधी आपटला होता, श्वास छातीत तसाच होता. पडण्यातलं जिला सगळ्यांत जास्त कळतं, त्याच बाईसमोर हिने पडण्याचं नाटक केलं होतं.

सरांनी पट्टा बांधला. गाठ दोनदा सुटली. फोटो निघाले. केक आला. ताईंनी डेंटिस्टला हात धरून बेसिनपाशी नेलं.

"तू उडी मारलीस."

"नाही ताई, तुमचा डाव बसला ना."

"मला शिकवू नकोस. मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा पडलेय."

डेंटिस्टने नळ सोडून हात धुवायला घेतले. मग म्हणाली, "सरांनी सांगितलं होतं, अंग सैल ठेव. तुमचं वय बघून म्हणाले असतील. मला वाटलं, एवढं तरी करावं तुमच्यासाठी."

अंग सैल ठेव. ताईंनी बेसिनचा काठ धरला. हेच तीन शब्द सर प्रत्येक परीक्षेआधी त्यांच्या कानात सांगायचे. "अंग सैल ठेव गं, नाहीतर मानेला लागेल." एकतीस वेळा. सर आपल्या मानेची काळजी करतात म्हणून त्या घरी कौतुकाने सांगायच्या, आणि सरांचा शब्द प्रमाण मानून मेणासारख्या सैल उभ्या राहायच्या. मग त्या एकतीस जणांनी फेकलं तरी कुणाला? पोतंच की. पोत्याला फेकून एकतीस जण काळे पट्टे मिरवत होते, आणि पोत्याला आज बत्तिसावा मिळाला होता.

तोंडाला पाणी सुटलं, ओकारीचं. ताईंनी चूळ भरून थुंकलं. डेंटिस्टची शिसारी आली, सरांची आली, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या गुणी, लवचिक, आज्ञाधारक अंगाची आली. धुलाईघरातला कुठलाही डाग निदान पाण्यात घातला की सुटायला लागतो.

सर केक खात होते. क्रीम मिशीला लागलं होतं आणि ते जिभेने चाटत होते. ताई समोर जाऊन उभ्या राहिल्या. "सर, मला सैल उभं करून तुम्ही सगळ्यांना पास केलंत?"

"अगं, परीक्षा म्हणजे काय मारामारी आहे का?" सर म्हणाले. "लोक वर्षानुवर्षं येतात, घाम गाळतात. त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं का? सगळीकडे असंच असतं. तुला पट्टा मिळाला ना? मग झालं. केक खा."

ताईंनी केक घेतला नाही. त्या वळल्या आणि डेंटिस्टला म्हणाल्या, "चल. गादीवर ये. आणि या वेळी पाय रोवून उभी राहा. मीपण राहते."

"ताई, आता कशाला? सगळे बघताहेत."

"म्हणूनच. का घाबरतेस? तूही काळ्या पट्ट्याची आहेस ना?"

हे डेंटिस्टला लागलं. तिचा चेहरा लाल झाला आणि ती गादीवर आली. दोघींनी एकमेकींच्या बाह्या धरल्या. ताईंनी दोन पावलं मागे नेलं, गिरकी घेतली, कंबर घातली, जीव खाऊन ओढलं. डेंटिस्ट हलली नाही. मग तिने ओढलं. सहा वर्षांपूर्वी याच बाईला तिने कापसासारखं उचललं होतं. आज बाई जागची हलेना. डेंटिस्टने आ वासला. त्या क्षणी तिलाही कळलं, आणि ते कळलेलं ताईंना तिच्या डोळ्यांत दिसलं.

पुन्हा ओढलं. पुन्हा काही नाही. दोघी कपाळाला कपाळ लावून, एकमेकींच्या उष्ट्या श्वासात, धापा टाकत गोल गोल फिरत होत्या. नवऱ्याच्या हातातली टाळी अर्धवट राहिली होती. कान कोरणाऱ्या परीक्षकाने किल्ली खिशात घातली. भिंतीपाशी केकच्या बश्या घेऊन उभे असलेले सरांचे जुने विद्यार्थी, सगळे काळ्या पट्ट्याचे, एकमेकांकडे बघायचं टाळत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

 ताईंचं अंग सवयीने सैल पडू लागलं. त्याला पडणं येत होतं, आयुष्यभर तेच येत होतं. ताईंनी दात आवळले आणि टाचा गादीत रुतवल्या.

सरांच्या हातातली बशी वाकडी झाली होती. ते आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि शेवटी त्यांच्याने राहवेना.

"अगं, पडा ना कुणीतरी," सर काकुळतीला येऊन म्हणाले.