एका विटेची जागा

वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. "खिडकी बुजवली तर तुमचं असं कोणतं नुकसान होईल, जे पुढे पैशांनी भरून निघणार नाही? ते सांगितल्याशिवाय वरचं कोर्ट स्थगिती देत नाही."

बाइंडरबाई बोटावरची सुकलेली खळ खरवडत होती. गल्लीत तिला याच नावानं ओळखत. नवऱ्यामागे पुस्तकबांधणीचं दुकान तिनं घरातच एकटीनं चालवलं होतं, आणि बोलायची सवय फारशी उरली नव्हती. खालच्या कोर्टात ती हरली होती. तिची खिडकी शेजारच्या मास्तरांच्या परसात उघडते, त्यांच्या खासगीपणाला बाधा येते, सबब ती विटांनी बंद करावी, असा निकाल होता. तिनं अपील केलं होतं, पण त्याचा निकाल लागायला दोन-तीन वर्षं सहज जाणार, आणि गवंडी तर उद्याच यायचा होता. तोवर हुकूम थांबवावा, एवढ्यासाठी हा अर्ज.

"उजेड जाईल," ती म्हणाली.

"ट्यूबलाइट लावा म्हणतील."

"वारा."

"पंखा लावा म्हणतील."

मग मात्र तिनं सांगून टाकलं. तिची लेक शाळा सुटली की मास्तरांच्या मागच्या फाटकातून, परसातून यायची आणि दप्तरातल्या स्टीलच्या पट्टीनं खिडकीच्या गजावर तीनदा टकटक करायची. म्हणजे आईनं पुढचं दार उघडायचं, तोवर ती बोळातून वळसा घालून पुढे यायची. नऊ वर्षांची होती. एक दिवस ती रस्त्यानं आली आणि ट्रकखाली गेली. रोजची वाट सोडून रस्त्यानं का आली, ते कुणालाच कळलं नाही. याला अकरा वर्षं झाली.

"टकटक अजून होते," बाइंडरबाई म्हणाली. "रोज चारला. मी जाऊन दार उघडते. खिडकी बुजली तर मला ऐकू यायचं नाही, आणि पोर बाहेर उभी राहील."

वकीलबाईंनी पेनला टोपण लावलं. पुन्हा काढलं. "हे अर्जात लिहिता येत नाही, ताई," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी 'उजेड व वारा' असं लिहिलं. कोर्टाला उजेड कळतो, वारा कळतो. त्यापलीकडचं काही मांडायला रकाना नसतो, त्याला वकीलबाई तरी काय करणार.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला कोर्टाचा बेलीफ हजर झाला, सोबत गवंडी. बेलीफ माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. "स्थगितीचा कागद दाखवा, आल्या पावली परत जातो," तो म्हणाला. कागद कुठला? सुनावणीच दुपारनंतर होती.

गवंड्यानं परसाच्या बाजूनं, गजांच्या बाहेरून पहिला थर लावला. बाइंडरबाई आत एका जाड रजिस्टरचा कणा शिवत बसली, आणि दाभण दोनदा बोटात गेलं. आधी परसातली बादली दिसेनाशी झाली, मग नळ, मग मागचं फाटक. तिला मास्तरांचा असा राग आला की हातातला दोरा तुटला. खासगीपणा म्हणे. एक खुर्ची आणि एक रेडिओ, एवढ्या संसारात लपवण्यासारखं होतं तरी काय?

गवंडी कामात ढिला होता की मनानं मऊ, कोण जाणे. त्यानं तीनदा चहा मागितला आणि प्रत्येक थराला ओळंबा लावून पाहिला. "अरे, खिडकी बुजवायचीय, किल्ला नाही बांधायचा," बेलीफ करवादला.

साडेतीनला फोन वाजला. वकीलबाई धापा टाकत बोलत होत्या. "मिळालं. पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे. पंधरा दिवस. कागद पाठवलाय, बेलिफांना दाखवा."

बेलिफानं मोबाइलवर आलेला हुकूम शेवटच्या सहीपर्यंत वाचला आणि गवंड्याला म्हणाला, "थांब." गवंड्याच्या हातात तेव्हा शेवटची वीट होती. ती त्यानं खाली ठेवली.

"मग आता हे काढा," बाइंडरबाई म्हणाली.

"काढायचं कसं, बाई? जसं आहे तसं राहू द्या, असा हुकूम आहे. एक वीट लावायची नाही, एक काढायची नाही. हात लावलात तर तुम्हीच अडकाल." बेलिफानं पंचनाम्यात 'खिडकी बंद, वरच्या थरात एका विटेची जागा मोकळी' असं नोंदवलं, आणि दोघं गेले.

ती जागा वर होती, तिच्या डोक्याहून उंच. लेकीचा हात फार तर गजांच्या मधोमध पोचायचा. हे तिच्या आता लक्षात आलं. घड्याळात चारला दहा कमी होते. ती कामाच्या टेबलावर चढली, गज धरला आणि फटीतून हाक मारली.

"मास्तर."

मास्तर परसात आले. खाली बघत उभे राहिले.

"कशासाठी केलंत हे?"

"वहिनी, माझ्या फाटकाची कडी वाजते. रोज, चार वाजायच्या आधी. मग परसातून कुणीतरी चालत जातं. मी आत दार लावून बसतो. कोर्टात हे कसं लिहिणार? म्हणून खासगीपणा लिहिलं. वाटलं, खिडकीच नसली तर ती यायची थांबेल."

"ती कडी कशाला वाजवेल? फाटक तर उघडंच असायचं."

मास्तर भिंतीजवळ सरकले. "त्या दिवशी मी कुलूप लावलं होतं. पोरं फळं तोडायची म्हणून. तिनं वाजवलं, वहिनी. मी ऐकलं. उठलो नाही."

बाइंडरबाईनं गज घट्ट आवळला. अकरा वर्षांचा सगळा तळतळाट ओठांवर आला आणि तिथेच राहिला, कारण मास्तरांनी एकदम मान फिरवून फाटकाकडे पाहिलं.

"आली," ते म्हणाले.

तिला काहीच ऐकू आलं नाही. "कुठाय?"

"विटांवर वाजवतेय. खाली." मास्तरांनी विटांकडे बोट दाखवलं. "परत वाजवतेय."

आणि ते घरात पळाले. पळणारच, तिला वाटलं. पण ते लगेच बाहेर आले, हातात स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. त्यांनी ते फटीखाली भिंतीला टेकवून ठेवलं, हलत नाही ना पाहिलं, आणि पार फाटकापर्यंत मागे सरले. रिकामे हात त्यांनी छातीशी धरले होते.

"चढ बाळ," ते म्हणाले. "सावकाश."

बाइंडरबाईच्या मुठीतला गज तीनदा थरथरला. टक. टक. टक. लोखंडावर स्टीलचा आवाज.

तारखेला अजून पंधरा दिवस होते. बाइंडरबाई टेबलावरून उतरली आणि दार उघडायला गेली.