तिसऱ्या प्रकरणातले गृहस्थ

छापखाना बंद पडला तेव्हा दादाने पन्नाशी ओलांडली होती. त्या वयात नवं काम कोण देणार? सरकारी बेकारभत्ता आणि बायकोची शिवणकामं यांवर घर कसंबसं चाललं होतं. धाकटा भाऊ मात्र नावाजलेला अर्थतज्ज्ञ. त्याला शिकवलं ते दादानेच. त्याच्या नव्या पुस्तकाला मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा दादा शेजाऱ्याचा कोट मागून घालून समारंभाला गेला.

धाकट्याने बघता बघता सभागृह खिशात घातलं.

"भत्ता माणसाचं काय करतो, ते तिसऱ्या प्रकरणात आहे," तो म्हणाला. "माझ्या माहितीतले एक गृहस्थ. छापखान्यात होते. आता दुपारपर्यंत लोळतात. काम शोधायला निघतात ते कोपऱ्यावरूनच परत! बायकोने विचारलं की म्हणतात, पाय दुखतात. भत्ता आणायच्या दिवशी मात्र पाय ठणठणीत!"

हशा पिकला. धाकटाही हसला.

दादाची कानशिलं तापली. उभ्याने मशीन चालवून त्याच्या पायांच्या शिरा गाठाळल्या होत्या. डॉक्टर धाकट्यानेच सुचवला होता.

शेजारच्या खुर्चीतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "असतात हो असे एकेक!"

"असतात," दादा म्हणाला. सगळे टाळ्या वाजवत होते, त्यानेही वाजवल्या.

बाहेर आल्यावर त्याने धाकट्याला गाठलं. "मला विचारायचंस तरी."

"नाव कुठे घेतलंय तुझं?"

"तू हसलास."

"दादा, आपण हसलो नाही तर लोक हसायला बिचकतात. भाषणाचं तंत्र असतं ते." इतक्यात मंत्री आले. धाकट्याने दादाच्या खांद्यावर हात टाकला. "हा माझा थोरला भाऊ."

"भाग्यवान आहात," मंत्री म्हणाले. "यांच्या पुस्तकाने आमचे डोळे उघडले. पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद!"

"बरं झालं," दादाच्या तोंडून निघून गेलं.

भत्ता खरंच बंद झाला. दादा एका दुकानाच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहू लागला. बसायची परवानगी नव्हती. शिरा फुटून घोट्याजवळ जखम झाली, ती चिघळली. संध्याकाळी बायको पट्टी सोडायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करायचा.

एकदा धाकटा घरी आला. पट्टीकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"बघ वहिनी, लागला की नाही कामाला? आले का पाय आड? नव्या आवृत्तीत घालतो हे."

वहिनीने त्याच्यापुढचा अर्धा प्यालेला चहा उचलला आणि बेसिनमध्ये ओतला. दादा मात्र लंगडत त्याला खालपर्यंत सोडायला गेला.