लतिकाच्या रेग्युलेटरची फाईल

भालचंद्र खांबेट्यांनी अख्खी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात काढली. पंख्यांपासून टाचण्यांपर्यंत त्यांनी काय काय घेतलं याला गणती नाही, आणि काय काय घेऊ दिलं नाही याला तर मुळीच नाही. या दुसऱ्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नवख्या कारकुनांना ते समोर बसवून शिकवत, "प्रस्ताव कधी नाकारायचा नाही. नाकारला की माणूस वर जातो, साहेबाला भेटतो, भांडतो. त्यापेक्षा लिहायचं, कृपया आणखी एक कोटेशन जोडावे. माणूस खूश, आपण मोकळे, आणि काम जिथल्या तिथे!"

निवृत्त होऊन ते दिल्लीतच, द्वारका भागातल्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा ही विद्या आता कुठे चालवायची असा प्रश्नच होता. तो सप्टेंबरात त्यांच्या मुलीनं सोडवला.

लतिका एकुलती एक, एकोणतीस वर्षांची, गुरुग्रामला चांगल्या कंपनीत. तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अंदमानला गेली, तिथे स्कुबा केलं, आणि तेव्हापासून तिची प्रत्येक रजा पाण्याखाली जायला लागली. सप्टेंबरात तिनं राजीनामाच दिला. रात्री जेवताना म्हणाली, "मी डाइव्हमास्टर होणार. म्हणजे लोकांना समुद्राखाली घेऊन जायचं आणि धड परत आणायचं. अंदमानला तीन महिन्यांचं ट्रेनिंग आहे, एक डिसेंबरपासून. सामान स्वतःचं लागतं. माझं बजेट थोडं, आणि विमानात पंधरा किलोच्या वर नेता येत नाही. बाबा, खरेदी तुम्ही बघाल का? तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

आता गंमत अशी की भालचंद्ररावांना पोहता येत नव्हतं. यमुनेच्या पुलावरून बस जायला लागली की ते खिडकीपासून आत सरकत. आपली पोरगी समुद्राच्या तळाशी जाऊन रबरी नळीतून श्वास घेणार, या विचारानं त्यांचा घास ताटातच राहिला. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. पण 'जाऊ नकोस' म्हणायचं म्हणजे भांडण, आणि भांडणात लतिका थेट आईवर गेलेली. त्यांनी वरणभात कालवला आणि म्हणाले, "अच्छा. बघू. आधी तीन कोटेशनं आण."

बिचारीनं आणली. दोन नव्या सामानाच्या दुकानांची, एक जुन्या सामानाचं. भालचंद्ररावांनी पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. ऑक्टोबर फिन्सनी खाल्ला. पायात घालायचे ते लांब पंखे बॅगेत मावत नाहीत, आखूड बघ. मग सिलिंडर अडकवायचं जॅकेट चार किलोचं निघालं, हलकं बघ. हलकं मिळालं तर महाग, स्वस्त बघ. स्वस्त मिळालं तर वॉरंटी कुठाय? डिसेंबरची बॅच निघून गेली. लतिकानं हूं की चूं केलं नाही. जानेवारीच्या मधल्या बॅचमध्ये नाव घातलं आणि पुन्हा कोटेशनं गोळा करायला लागली.

"अहो, भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार?" अलकनंदाबाई नवऱ्यावर उखडल्या.

"समुद्राचं सामान आहे, भिजणारच."

"पुरे तो विनोद! पोरगी तोंडानं बोलत नाही म्हणून तिला कळत नाही असं समजू नका."

जानेवारी उजाडेपर्यंत तक्त्यात एकच रकाना उरला, रेग्युलेटर. सिलिंडरातली हवा श्वासाला झेपेल अशा दाबानं तोंडापर्यंत आणणारं हे यंत्र. तो निम्म्या किमतीत जयंतकडे होता. जयंत हा डायव्हिंगचा शिक्षक, चाळिशीचा, मुनिरक्यात दोन भाड्याच्या खोल्यांत राहणारा. भालचंद्रराव लतिकाबरोबर त्याच्याकडे गेले, तेव्हा बाल्कनीत वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे रबरी पोशाख, वाळत होते आणि खालच्या गल्लीतली मुलं वर बघून हसत होती.

"काका, पैसे वाचवायचे तर बॅगेत वाचवा, फिन्समध्ये वाचवा," जयंत म्हणाला. "वेटसूट वापरलेला चालतो, फक्त अंगाला घट्ट बसला पाहिजे. सिलिंडर आणि वजनं तिकडेच मिळतात. मास्क मात्र दुकानात चेहऱ्याला लावून बघून घ्या. आणि श्वासाच्या सामानात कंजूषी करू नका. हा रेग्युलेटर जुना आहे, पण मी स्वतः उघडून साफ केलाय, आणि याचे पार्ट इथे मिळतात. झगमगीत नव्याचा एक वॉशर यायला दोन-दोन महिने लागतात."

बोलणं बिनतोड होतं. भालचंद्ररावांनी चष्मा सावरला आणि खोट शोधायला लागले. सापडली! रेग्युलेटरला तोंडात धरायचे दोन तुकडे होते, एक काळा, एक पिवळा.

"एका तोंडाला दोन नळ्या कशाला? ही कमी करा. वजनही घटेल, किंमतही."

"पिवळी तिची नाही, काका. बरोबरच्या माणसाची हवा संपली तर त्याला द्यायची."

यावर कोणता शेरा मारावा हे भालचंद्ररावांना सुचेना. पस्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तरी मोडेन पण वाकणार नाही! ते म्हणाले, "ठीक आहे. पण तांत्रिक मत लागेल. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी कसा हो म्हणू?"

"बिल्कुल," जयंत म्हणाला. "रविवारी गुरुग्रामच्या स्विमिंग पूलवर या. तुम्हीच तपासा."

झालं! आपल्याच हातानं पायावर धोंडा.

रविवारी सकाळी बाहेर धुकं दाटलेलं आणि आत बंद हॉलमध्ये कोमट पाणी. भालचंद्रराव उसन्या हाफपँटीत छातीभर पाण्यात उभे राहिले, आणि एका हातानं काठ घट्ट धरून ठेवला. लतिकानं पाठीवर सिलिंडर चढवलं होतं. काळी नळी तिच्या तोंडात, पिवळी तिनं त्यांच्या हातात दिली. जयंत शेजारीच उभा राहिला.

पहिल्या खेपेला त्यांनी सवयीनं नाकानं श्वास घेतला. मास्क चेहऱ्यावर चिकटला, जीव घाबरा झाला, ते धडपडत वर आले.

"तोंडानं, बाबा. हळू. घाई कुणालाच नाहीये."

दुसऱ्या खेपेला तिनं त्यांचा हात धरला आणि दोघं गुडघ्यावर बसली. डोक्यावरून पाणी गेलं. भालचंद्ररावांनी डोळे मिटले, श्वास ओढला, आणि हवा आली! कोरडी, गार, हवी तेवढी. बुडबुडे कानाजवळून खदखदत वर गेले. त्यांनी डोळे उघडले. समोर लतिका त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ते श्वास घेत तेव्हा तिची नजर त्यांच्या छातीवर असे, सोडत तेव्हा बुडबुड्यांवर. मध्येच अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारी, ठीक? मागे कुणीतरी धपकन पाण्यात उडी मारली, तरी ती वळली नाही. घरात चहा उतू घालवणारी हीच का ती, असं त्यांना वाटलं. पोरीला तिचं काम येत होतं. चांगलं येत होतं. त्यांची भीती काही गेली नाही, पण आपण चार महिने काय अडवून ठेवलं ते त्यांना लख्ख दिसलं आणि स्वतःची लाज वाटली.

वर आल्यावर दोघं पायरीवर बसली. जयंत पलीकडे दुसऱ्या विद्यार्थ्यांकडे गेला.

"लतू, मी मुद्दाम लांबवत होतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कोटेशनांच्या दुसऱ्या फेरीपासून. लहानपणापासून तुमच्या ऑफिसच्या गोष्टी ऐकल्यात मी."

"मग बोलली का नाहीस? एक बॅच गेली तुझी. सामान घेऊन सरळ निघून गेली असतीस, तर मी काय करणार होतो?"

लतिका मास्कमधलं पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही 'नको' म्हणाला असतात ना, तर भांडून गेले असते. पण तुम्ही कधी म्हणालाच नाहीत. मग भांडू कुणाशी? तुम्हाला असं मधेच टाकून कशी जाऊ?"

समोर एक लहान मुलगी काठाला धरून पाय मारत होती, तिकडे भालचंद्रराव बघत बसले.

"मग आता म्हणतो," ते शेवटी म्हणाले. "नको जाऊस. मला फार भीती वाटते गं."

लतिकानं त्यांचा ओला हात हातात घेतला. "मी जाणार आहे, बाबा."

"जा," ते म्हणाले.