अकरा वह्यांची बांधणी

काकांच्या वकिलांनी कोर्टात अकरा वह्या टेबलावर रचल्या तेव्हा आकड्यांकडे माझं लक्ष गेलंच नाही. मी शिवण पाहत होते. आईची गाठ मी कुठेही ओळखली असती. शेवटच्या टाक्याला ती दोरा दोनदा गुंडाळून आत दाबायची, वाचणाऱ्याच्या बोटाला लागू नये म्हणून.

आईला जाऊन दोन महिने झाले होते.

वडील पुस्तकं बांधायचे. ते गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. दुकान, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि मागच्या दोन खोल्या माझ्या नावावर झाल्या, आणि मी एकवीस वर्षांची होईपर्यंत ते सांभाळायला कोर्टानं काकांना पालक नेमलं. आईला कुणी विचारलं नाही. बाईमाणसाला हिशोब काय कळणार, असं काका म्हणाले होते, आणि तेव्हाच्या साहेबानं ते लिहून घेतलं होतं. पुढे काकांनी एकेक कारागीर काढून टाकला आणि आईच दाभण घेऊन बसली. पगार न मागणारा कारागीर त्यांना घरातच मिळाला.

एकविसावं सरलं तशी मी दुकान मागितलं. काका म्हणाले, दुकान अकरा वर्षं तोट्यात होतं, पदरचं घालून मी ते जगवलं. आता माझे पैसे दे, नाहीतर दुकान दे. पुरावा म्हणून या वह्या, दर वर्षाची एक.

"प्रत्येक वही त्या त्या वर्षीच लिहिली आहे?" गोऱ्या न्यायाधीश साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं.

"वर्षी काय, त्या त्या दिवशी!" काका म्हणाले. "आधी हिशोब, मग पोटात घास."

मी उभी राहिले. आमच्या वकिलांनी माझी बाही ओढली. ते पुढची तारीख मागण्यात पटाईत होते, म्हणून कोर्टात सगळे त्यांना तारीखराव म्हणत.

"साहेब, या वह्या गेल्या वर्षी माझ्या आईनं बांधल्यात. अकराच्या अकरा, कोऱ्या, एका आठवड्यात. खळ मी शिजवली होती."

बाईंना वह्या नव्या वाटतात, असं काहीतरी दुभाषी सांगू लागला. साहेबाची भाषा मी दुकानात बांधायला आलेल्या पुस्तकांतून शिकले होते.

"वाटत नाही, मी पाहिलंय," मी त्याला थांबवलं. "नीट सांगा."

त्यानं घसा साफ करून नीट सांगितलं.

काकांनी हळहळून मान हलवली. "त्या वेगळ्या वह्या होत्या, साहेब. वहिनी गेल्यापासून पोरीचं जरा... तुम्ही समजून घ्या."

"आई गेली, काका. माझं डोकं गेलेलं नाही." मी साहेबाकडे वळले. "यातली पहिल्या वर्षाची वही द्या आणि एक सुरी द्या, पाठ उसवून दाखवते."

काकांचे वकील ताडकन उठले. पुरावा फाडायचा म्हणजे काय? साहेबानं विचारलं, वहीच्या पाठीत असं काय आहे?

"ते काका सांगतील. अकरा वर्षं बांधणीचं दुकान चालवलंय त्यांनी. सांगा काका, पुठ्ठ्याच्या आत पाठीला काय लावतात?"

"पाठीला?" काकांनी वकिलांकडे पाहिलं. "दोरा असतो. खळ असते. आणखी काय असायचंय?"

मागच्या बाकावर आमचा सगळ्यात जुना कारागीर बसला होता. काकांनी त्याला पहिल्याच वर्षी काढलं होतं. तो खोकल्यासारखं हसला.

"कागद असतो," मी म्हणाले. "रद्दीचा. शिवणीवर चिकटवतात, नाहीतर चार वेळा उघडली की वही खिळखिळी होते. पण काकांनी दुकानातली रद्दी कपट्यासकट विकली होती. मग आईनं घरात होता तो कागद लावला."

"आणि तसं काही निघालं नाही तर?" साहेबानं विचारलं.

"तर दुकान काकांचं. आत्ता सही करून देते."

"अहो, निदान तारीख तरी मागू द्या!" तारीखराव कळवळले.

साहेबानं मान डोलावली. सुरी बोथट होती. कोर्टातली सुरी पाकिटं फोडण्यापुरतीच असते. मी कापड उसवलं, साहेबाच्या पेल्यातलं पाणी बोटानं पाठीवर फिरवलं आणि खळ सुटेपर्यंत थांबले. घाई केली असती तर कागद फाटला असता. हे मला आईनंच शिकवलं होतं.

सरकारी दवाखान्याची चिठ्ठी निघाली. शिक्का शाबूत होता. दुभाष्यानं वाचली. आईचं नाव, वय त्रेचाळीस. ताप, खोकला. पूर्ण विश्रांती. तारीख गेल्या वर्षीची.

अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत.

पूर्ण विश्रांती लिहिलेला कागद आईनं काकांची वही बांधायला वापरला होता.

"दुसरी," साहेब म्हणाला.

दुसरीत आणि तिसरीत तशाच चिठ्ठ्या निघाल्या. चौथीला त्यानं पुरे म्हणून हात वर केला.

वह्या खोट्या ठरल्या. त्या सील करून पुढच्या चौकशीला पाठवायचा आणि दुकानाचा ताबा आजच मला द्यायचा हुकूम झाला. मी पहिली चिठ्ठी परत मागितली. कारकून म्हणाला, पुरावा परत देता येत नाही.

"मग नीट ठेवा," मी म्हणाले. "तिच्या नावाचा दुसरा कागद आमच्या घरात नाही."

बाहेर काका जिन्यापाशी उभे होते. आवाज एकदम बारीक झाला होता.

"खरं सांग, वहिनीनं हे मुद्दाम केलं?"

हा प्रश्न मलाही पडला होता. त्या आठवड्यात ती चिठ्ठ्या एकेक करून सरळ करत होती, तारखेचा भाग न कापता. मी कारण विचारलं नव्हतं, आता विचारता येणार नव्हतं. पण ते काकांना सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही रद्दी ठेवली असतीत, तर तिनं रद्दीच लावली असती," मी म्हणाले. "किल्ली."

त्यांनी खिशातून किल्ली काढून शेजारच्या बाकावर टाकली. "घे. बघतो किती दिवस चालवतेस ते."

मी किल्लीकडे पाहिलं नाही. तळहात पुढे केला.

"हातात द्या."

जिन्यावरून जाणारे दोघं-तिघं थांबले. जुना कारागीरही थांबला. काका वाकले, त्यांनी किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली.