अंतिम फेरीतली काठवट

मित्रांनो, तुम्ही मला टीव्हीवर पाहिलंच असेल. नसेल पाहिलं तर सांगते. मी एक जुनी काठवट आहे, म्हणजे भाकरीचं पीठ मळायची आणि भाकरी थापायची लाकडी परात. कलाकारांच्या स्वयंपाक स्पर्धेची अंतिम फेरी मी जिंकून आले आहे. अक्षता जिंकली असं लोक म्हणतात. मीही म्हणू देते.

माझा जन्म मंठा तालुक्यातला. रामराव सुताराने बाभळीच्या अखंड लाकडातून मला कोरलं आणि मंठ्याच्या बाजारात मांडलं. बेबीनंदाने मला उलटंसुलटं करून, टिचक्या मारून पाहिलं आणि घरी नेलं. मग रोज तिच्या हाताखाली मी राबले. शेजारणी म्हणायच्या, "बेबीनंदा, तुझ्या काठवटीत भाकर बराबर गोल होती बघ." मला तर आभाळ ठेंगणं व्हायचं.

बेबीनंदाची लेक अक्षता माझ्यासमोर बसून नाटकातली भाषणं पाठ करायची. भाकरीला हात लावला की आई ओरडायची, "तू तुझं पाठांतर कर. भाकरीला मी हाये." पोरगी मोठी झाली, मुंबईला गेली, मालिकेत झळकली. इकडे घरात स्टीलची चकचकीत परात आली आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. वर माझ्यात कांदे ठेवले! त्या कांद्यांना कोंब फुटत होते आणि मी अंधारात बसून होते. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

एके दिवशी अक्षता घरी आली ती घाईतच. स्वयंपाक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती पोचली होती, आणि तिथे प्रत्येक कलाकाराने आईच्या हातचा पदार्थ घरच्या भांड्यात, स्वतः करायचा होता.

"आई, ज्वारीची भाकर अन् येसर करणार म्हणून सांगून बसले मी. जल्दी शिकव."

येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेली, आमच्याकडे लग्नकार्यात होणारी झणझणीत आमटी.

"टीव्हीवर भाकर?" बेबीनंदा म्हणाली. "अन् लोक हसले मंग?"

"हसू दे. मला आपलंच रांधायचंय. त्याच्यावर हरले तर हरले."

बेबीनंदाने मला घासून, तेल लावून उन्हात ठेवलं. चार भाकरी मोडल्यावर अक्षताला पाचवी जमली. निघताना आईने ताजं दळलेलं पीठही बांधून दिलं. पण मुंबईत शूटिंग पुढे ढकललं गेलं, आणि इथे या शहाण्या पोरीने एक चूक केली. गावचं पीठ म्हणून तिने ते दागिन्यासारखं जपून ठेवलं. ज्वारीचं पीठ का कधी जपून ठेवतात? जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि भाकरी थापतानाच फाटते.

अंतिम फेरीचा दिवस उजाडला. दिव्यांनी डोळे दिपून गेले. शेजारच्या ओट्यावर परदेशी भांडी घेऊन एक देखणा नट उभा होता. तो म्हणाला, "अक्षता, ही टोपली कशाला आणलीस?" टोपली म्हणे! माझा नुसता जळफळाट झाला.

येसर उकळायला ठेवून अक्षताने भाकरी थापली. कडेने तडे गेले. दुसरी उचलताच दोन तुकडे झाले. समोर प्रेक्षकांत बसलेल्या बेबीनंदाने तोंडाला पदर लावला. घरच्यांनी बोलायचं नाही असा नियम होता आणि मला तर बोलताच येत नाही. परीक्षक बाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "गव्हाचं पीठ देऊ का? पोळी कर, वेळ कमी आहे."

अक्षताचे डोळे भरून आले होते. तिने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि तिचा हात माझ्या काठावर थबकला. जुन्या पिठात आई उकळतं पाणी ओतायची आणि मळताना बोटांवर फुंकर घालायची, हे तिला आठवलं असणार. मला तर ते सगळं पाठ होतं.

"पोळी नको," ती म्हणाली. "मी आधण ठेवते."

उकळतं पाणी माझ्यात पडलं. चटका मलाही बसला, पण मी हूं की चूं केलं नाही. तिची बोटं लाल झाली, पण पीठ असं मिळून आलं की काय सांगू! थप, थप, थप. भाकरी माझ्या अंगावर गरगर फिरत वाढली, तव्यावर गेली आणि टम्म फुगली.

"फुगली! फुगली गं बाई!" नियम विसरून बेबीनंदा उभी राहिली आणि सगळा स्टुडिओ हसत टाळ्या वाजवू लागला.

परीक्षक बाईंनी चमचा बाजूला ठेवला, भाकरी येसरमध्ये कुस्करली आणि ताट पुसून खाल्लं. तो देखणा नटही ताटली घेऊन आला बरं का! निकाल जाहीर झाला तेव्हा अक्षताने ट्रॉफी आईच्या हातात दिली आणि मला डोक्यावर उचलून धरलं. एवढ्या उंचावरून मी जग पहिल्यांदाच पाहिलं.

कार्यक्रमाचे साहेब म्हणाले, "ही काठवट आम्हाला द्या. स्टुडिओच्या दारात काचेच्या पेटीत ठेवू."

बेबीनंदाने मला छातीशी धरलं. "बिलकुल न्हाई. मंग घरी गेल्यावर भाकर कशात थापू?"

मित्रांनो, त्या क्षणी मी खरी जिंकले. तुमच्या घरातही माळ्यावर, कोपऱ्यात माझ्यासारखं कुणीतरी पडून असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, तेल लावा आणि कामाला लावा. आमची काळजी घ्यायची ती अशीच. अक्षताची ट्रॉफी आता घरात शोकेसमध्ये असते. मोठी रुबाबदार आहे. पण भूक लागली की तिच्याकडे कुणी बघत नाही.