ज्याचा हात, त्याचाच आवाज

वर्षातून एकदा, थंडी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली की फोरमन गिझर धुवायला काढायचे. कारखान्याच्या बॉयलरघरातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण घरचे-दारचे अजून फोरमनच म्हणत. आणि न्हाणीघरातल्या त्या पंचवीस लिटरच्या पांढऱ्या टाकीला ते बॉयलरइतकाच मान देत.

कामाची रीत ठरलेली. फोरमन पान्यासकट स्टुलावर. स्विच बाहेर पॅसेजमध्ये, थंड पाण्याचा कॉक मागच्या गॅलरीत, गरम पाण्याचा शेवटचा नळ स्वयंपाकघरात. स्टुलावरून यातलं काही म्हणजे काही दिसत नसे. म्हणून ते आतून विचारत, स्विच बंद? आणि बाहेरून माई, त्यांची बायको, खटका पाडून सांगे, बंद. कॉक बंद? बंद. उत्तर आल्यावाचून पाना हलायचा नाही. बॉयलरघराचा कायदाच होता तसा: ज्याचा हात, त्याचाच आवाज. कॉक एकानं फिरवायचा आणि 'बंद' दुसऱ्यानं म्हणायचं, हे चालायचं नाही.

सगळ्यांत मोलाचं उत्तर शेवटचं. टाकी पुन्हा भरताना माई स्वयंपाकघरातल्या नळाशी कान देऊन बसे. नळ आधी खोकतो, मग गुळण्या करतो, मग पाणी एका सुरात गाऊ लागतं. तो सूर लागला की टाकी भरली. त्याआधी कुणी स्विच लावला, तर कोरड्या टाकीत कॉइल जळून खाक. बारा वर्षांत एकदाही जळली नव्हती, ती माईच्या कानांमुळे.

आणि यंदा घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. माई बहिरी झाली होती.

म्हणजे झालं असं. नऊ दिवसांपूर्वी शेजारचे चौघे चहाला आले होते. माईनं आतून नवऱ्याला पाच हाका मारल्या, शेवटी बाहेर येऊन विचारलं, ओ का नाही दिली? फोरमन चौघांकडे बघून हसले आणि म्हणाले, "दिली की. हिलाच हल्ली कमी ऐकू येतं."

माईनं कपबश्या उचलल्या आणि ती आत गेली. त्या घटकेपासून नवऱ्याचा एक शब्द तिच्या कानात शिरेना. बाकी सारं लख्ख ऐकू येई. तिसऱ्या मजल्यावर डबा पडला तर झाकणासकट पडला की झाकणावाचून, हेसुद्धा ती सांगे. नवऱ्यानं तोंड उघडलं की मात्र भांडी घासता घासता ओवी धरायची:

बहिरी झाले बाई, हाक नका देऊ कोणी
आता माझ्याशी बोलते, नळाचं गं पाणी

सून तोंडाला पदर लावून हसे. मुलाला मात्र हसू येत नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांचा बाप स्टुलावर चढतो, याचा त्याला घोर. त्यानं परस्पर गिझर कंपनीच्या मेकॅनिकला रविवारी दुपारी बाराची वेळ दिली आणि वडिलांना सांगून टाकलं: बाराच्या आत काम चोख झालं तर मेकॅनिकला नको म्हणतो. नाहीतर बाबा, यापुढे पान्याला हात लावायचा नाही, कायमचा. फोरमननी मान हलवली. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे सुनेनं त्यांच्या डोळ्यांवरून ओळखलं.

रविवारी नऊला ते स्टुलावर चढले. माई मटार सोलत बसली होती, तेव्हा उत्तरं द्यायला मुलगा उभा राहिला. स्विच बंद झाला. कॉकच्या वेळी मुलगा गॅलरीत पोचतो न पोचतो तोच त्याचा फोन वाजला; एका हातानं फोन कानाला लावत त्यानं मोठ्यानं "बंद" म्हणून टाकलं आणि कॉक राहिला तसाच. फोरमननी खालची चकती सैल केली. पुढचं सांगायला नको. ते चष्म्यापासून चपलेपर्यंत निथळले, बादली कोपऱ्यात तरंगत गेली, आणि स्वयंपाकघरातून माईनं स्वतःलाच विचारलं की पाऊस लागला की काय.

मुलगा वरमला, पण हट्ट त्यानं सोडला नाही. बघा, म्हणूनच म्हणतो, उतरा. फोरमन उतरले नाहीत. चूक ज्याची, भिजला कोण, एवढंच पुटपुटले आणि कॉक बंद करवून घेऊन कामाला लागले. कॉइल बाहेर काढली. तिच्यावर क्षारांचा जाड पांढरा थर होता. तो खरवडला. गंजापासून टाकीला वाचवणारी कांडी झिजून काडी झाली होती, ती बदलली. नवं रबर बसवलं, नट आवळले. हात असे चालत होते, जणू घोड्याला खरारा करताहेत. साडेअकराला सगळं जागच्या जागी आलं. उरलं फक्त भरणं.

मुलाचा आवाज आता बाद होता. नळाशी सून बसली. बिचारीनं जीव कानात गोळा केला, पण गुळण्या कुठं संपतात आणि गाणं कुठं सुरू होतं, तिला काही उमगेना. तिनं न्हाणीघराच्या दारात येऊन सांगितलं, "बहुतेक भरली, बाबा."

बॉयलरघरात बहुतेक नावाचं उत्तर नसतं. फोरमननी कॉक पुन्हा बंद करायला लावला. बाराला वीस मिनिटं कमी होती.

ते ओल्या कपड्यांनीच स्वयंपाकघरात आले. आधी सुनेमार्फत निरोप धाडून बघितला. माई म्हणाली, "सूनबाई, कुणी काही म्हणतंय का गं? मला मेलीला कुठलं ऐकायला." मुलगा गॅलरीत होता. फोरमननी एकदा तिकडं पाहिलं, मग खाली बसकण मारली, मटारच्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलू लागले. तीन-चार शेंगा झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुझी एकही हाक ऐकू आली नाही मला. चौघांत लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ढकललं. कान तुझे नाही गेले. माझे चाललेत."

सुनेनं नळाकडे तोंड फिरवलं आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुवायला घेतली.

माईनं हातातली शेंग खाली ठेवली. नवऱ्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. हाका उगाच नव्हते वाढवत." मग तिनं विचारलं, "मागच्या खेपेला 'भरली' ऐकलंत तरी का?"

"सावली हलली पॅसेजात. त्यावरून धरलं."

माईनं सोललेले मटार बाजूला सारले. मागच्या खेपेला कॉइल नशिबानंच वाचली होती. पोराला कळलं असतं तर त्यानं पान्याबरोबर स्टूलही भंगारात घातलं असतं. ती उठली, मोठा पोलादी डाव घेतला आणि भिंतीवरून न्हाणीघराकडे गेलेल्या गरम पाण्याच्या लोखंडी पाईपवर तो एकदा ठण्णकन आपटला.

"तळवा लावून बसा याला. एक ठोका, कॉक उघडला. दोन, भरली."

आवाज ऐकून मुलगा धावत आला. आई, अजून अबोला? निदान कामापुरतं तरी बोल, म्हणाला. माईनं कमरेवर हात ठेवला. "जन्मात नाही बोलायची त्यांच्याशी. हवं तर पाईप बडवीन."

हे म्हणताना तिनं सुनेकडे असा डोळा मिचकावला, की सुनेच्या हातातली वाटीच निसटली.

फोरमन स्टुलावर चढले, एक हात पान्यावर, एक तळवा पाईपवर. माई गॅलरीत गेली, स्वतःच्या हातानं कॉक उघडून आली, ठोका दिला. नळ खोकला. नळानं गुळण्या केल्या. सुनेला वाटलं झालं, पण माईनं बोट वर धरलं. नळ आणखी दोनदा अडखळला, एकदा शिंकला, आणि मग पाण्याची सळसळीत धार एका सुरात लागली. ठण्ण. ठण्ण.

फोरमन आपल्या तळव्याकडे बघून हसले. खाली उतरले, पॅसेजात गेले, स्वतः स्विच लावला आणि स्वतःच म्हणाले, "सुरू."

लाल दिवा लागला. बाराला सात मिनिटं होती. मुलानं मेकॅनिकला फोन लावला आणि सांगितलं की येऊ नका, काम झालंय. घरात दोघांचं बोलणं बंद आहे, पण काम कसं कोण जाणे, झालंय.

फोरमन पुन्हा न्हाणीघरात शिरले, कुठं गळतंय का ते पाईपवरून हात फिरवून बघू लागले. तेवढ्यात हाताखाली तीन ठोके आले, मऊ, सावकाश. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तीन म्हणजे काय, हे ठरलंच नव्हतं.

माई मटार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सूनबाई, सासऱ्यांना सांग, पुढच्या वर्षी गिझर उघडतील तेव्हा कळेल."