कार्बनवरचा गुलाब

"जुने कार्बन? ते मी शेजारच्या क्लावदियाबाईंना दिले," बटाटे सोलता सोलता त्याची बायको रिम्मा म्हणाली. "भरतकामाची नक्षी उतरवायला हवे होते त्यांना."

ग्लेब साव्विचने आधी दार लावून घेतलं. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाला त्याने कोरे कार्बन वापरले होते, पानाला एक. उजेडापुढे धरला की शब्दन् शब्द वाचता येई. आणि प्रकरण होतं राजकीय कैद्यांच्या छावणीत मेलेल्या त्याच्या भावाचं, मित्याचं.

"अगं, त्या बाईचे कान भिंतीला चिकटलेले असतात! उद्या गुप्त पोलिसांना जाऊन सांगेल."

"मग जाळायचे होतेस वेळेवर. माझ्यावर कशाला डाफरतोस?"

मासेमारांवरची दोन पुस्तकं छापून आली तेव्हा लेनिनग्राडमध्ये लोक त्याला लेखक म्हणत. तिसरं 'सूर निराशेचा आहे' असा शेरा मारून प्रकाशकाने परत पाठवलं. त्यानंतर सात वर्षं तो पंपांची माहितीपत्रकं लिहून पोट भरत होता आणि टाइपरायटरखाली घोंगडी घालून चोरून कादंबरी टाइप करत होता. स्वयंपाकघर पाच बिऱ्हाडांत एक. आता तिथे क्लावदिया दिसली, की हातातला चहा तसाच टाकून तो खोलीत पळू लागला. कार्बन परत मागावेत तर संशय यायचा, न मागावेत तर झोप लागेना.

चौथ्या दिवशी सकाळी बाहेरची घंटा तीनदा वाजली. तीनदा म्हणजे त्यांच्याकडेच. गुप्त पोलिस आले होते.

झडतीला साक्षीदार लागतो, म्हणून अधिकाऱ्याने शेजारच्या क्लावदियालाच आणून खुर्चीत बसवलं. ग्लेबने तिच्याकडे पाठ फिरवली. टाइपरायटर गेला, कादंबरीच्या दोन्ही प्रती गोणीत गेल्या.

"टाइपरायटरचा आवाज यायचा का हो?" अधिकाऱ्याने तिला विचारलं.

"साहेब, तीस वर्षं ट्राम चालवली मी. मला माझी किटली उकळलेली ऐकू येत नाही." तिने पंचनाम्यावर सही ठोकली.

सोमवारी दहाला हजर व्हा, असं बजावून ते गेले.

ग्लेब स्वयंपाकघरात जाऊन नुसताच उभा राहिला. मागून क्लावदिया आली. तिने एप्रनखालून कार्बन काढले.

"नऊ आहेत. एकावर गुलाब उतरवला हो, माफ करा. मग अक्षरं दिसली नि सुई खाली ठेवली. आमचे हेही अशाच छावणीतून परत आले नाहीत, ग्लेब साव्विच."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने गुलाबाचा कार्बन खिडकीच्या काचेला लावला. अक्षरं उजळली. भावाच्या नावावरून एका पाकळीची रेघ गेली होती.

"इथे काय होतं?" तिने विचारलं.

"मित्या," तो म्हणाला. आणि पुढचं पान तिला मोठ्याने वाचून दाखवू लागला.